हात दाखवायचा राहिला

१

बुधवार हा आमच्या वन्यजीव अभ्यास केंद्रातला कार्डांचा वार. नदीकाठी खुंट्यांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतली कार्डं काढून आणायची, कार्डांच्या खोलीत बसून आठवडाभराचे फोटो एकेक करून बघायचे, आणि बगळे, भटकी कुत्री, वाऱ्याने हललेलं गवत असा सगळा पसारा बाजूला सारत पाणमांजर शोधायचं. पाणमांजर या नदीत पूर्वी होतं. मग वरच्या अंगाला कारखाने आले, पाणी काळं झालं आणि ते निघून गेलं. आता कारखाने बंद पडलेत, पाणी निवळलंय, आणि काठच्या दगडांवर माशांच्या खवल्यांनी चमकणारी विष्ठा पुन्हा दिसायला लागलीय. म्हणजे ते परत आलं असावं. पण विष्ठेवर कुणी अनुदान देत नाही. त्यांना फोटो लागतो.

कॅमेरा बसवला की तो नीट टिपतो का हे बघायला एकीला त्याच्यासमोरून जनावरासारखं जावं लागतं. पाणमांजर बुटकं, म्हणून आम्ही कोपरांवर, पोट घासत सरपटतो. याला आम्ही ‘रांगणी’ म्हणतो. सरपटताना कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकला की काम झालं. मग उठायचं, कॅमेऱ्याकडे तोंड करायचं आणि उघडा तळहात दाखवायचा. पुढेही कुठल्याही कामासाठी कॅमेऱ्यासमोर गेलो, तरी हात दाखवल्याशिवाय निघायचं नाही. कार्ड बघताना हात दिसेपर्यंतचं सगळं माणसाचं, ते पुसून टाकायचं. हातानंतर जे येईल ते जनावर. नवीन माणसाला हे शिकवताना ‘हात दाखवून अवलक्षण’ हा विनोद कुणीतरी करतंच, आणि मी दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते.

भिंगरीलाही हे मीच शिकवलं. भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईने ठेवलेलं नाव. ती झाली तेव्हा मी चांगली कळती होते आणि आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे लहानपणी तिला रांगायला लावलं तेही मीच. नदीवर आणलं मी, कॅमेरा हातात दिला मी. आणि आता फोटो येतात ते तिला.

२

नदी आम्ही वाटून घेतली होती. बंधाऱ्याखालची माझी, वरच्या वळणाची तिची. वाटणी मीच केली, आणि खरं सांगायचं तर चांगला भाग स्वतःला ठेवला. माझ्या भागात खडक जास्त, मासे जास्त, विष्ठाही जास्त. तरी माझ्या कार्डांत बगळे. त्यातला एक तर इतका नेमाने येतो, की त्याचा पगार सुरू करायला हरकत नाही.

तिच्या कार्डांत मात्र दर आठवड्याला काहीतरी असायचंच. एकदा पाण्यावर उमटलेली रेघ. एकदा शेपटीचं टोक. आणि मग एका बुधवारी चौकटीच्या कडेला अर्धवट आलेली ओली, चकचकीत पाठ.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून ती पाठ बराच वेळ बघितली. सर आमचे प्रमुख. माणूस सज्जन, पण बोलतो असा, की समोरच्याला आपणच चुकलो वाटावं.

“अर्ध्या पाठीवर मी अहवाल लिहू का?” ते म्हणाले. “हे बघा, तुम्हा दोघींना एकदम सांगतो. पुढच्या वर्षीचे पैसे एकाच जागेचे आलेत. जिच्या कार्डात अख्खं जनावर येईल, ती इथे राहील. दुसरीला शहरातल्या कचेरीत जावं लागेल. यात रागलोभ काही नाही.”

“मग ताईच राहू दे ना, सर,” भिंगरी लगेच म्हणाली. “मला काय, कुठेही करमतं.”

सर कौतुकाने हसले. मी खुर्ची सरकवायच्या निमित्ताने खाली वाकले. ती दुष्ट असती तर किती बरं झालं असतं. दुष्ट माणसाचा हेवा उजळ माथ्याने करता येतो. ही मात्र माझ्या ताटातलं उचलायची आणि वर मलाच वाढायला यायची. या नदीशिवाय मला दुसरं काहीही नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, शहरात घर नाही. होती ती नदी आणि ही भिंगरी, आणि त्यातली एक आता दुसरीला नेणार होती.

३

संधी दिली ती बॅटऱ्यांनी. हवेतल्या दमटपणामुळे वरच्या काठच्या बॅटऱ्या बसल्या आणि भिंगरी सरांच्या गाडीतून नव्या आणायला शहरात गेली. “माझे सगळे कॅमेरे झोपलेत,” असं जाताना ती स्वतःच सांगून गेली. टळटळीत दुपार होती. मी बंधाऱ्याकडे म्हणून निघाले आणि पाय वरच्या वळणाकडे वळले. अशा वेळी पायांना दोष देणं सोयीचं असतं.

मला फक्त बघायचं होतं. तिच्या जागेत असं काय सोनं लागलंय? एक सपाट दगड, भोवती लव्हाळं, थोडा चिखलाचा उतार. उभ्याने काही कळेना, म्हणून आडवी झाले. जनावराच्या उंचीवरून ही जागा कशी दिसते ते बघावं, एवढाच विचार. चिखल गार होता. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं की नदी फार मोठी दिसते, आणि आपण तिच्या कामाच्या वेळेत उगाच आलोय असं वाटतं. मी कोपरापुढे कोपर टाकत दगडापाशी पोचले आणि खुंटीवरचा लाल दिवा लुकलुकला.

बाकीचे सगळे झोपलेले, नेमका हा जागा.

आता नियमाप्रमाणे उठायचं आणि हात दाखवायचा. म्हणजे बुधवारी भिंगरी कार्ड लावणार आणि पडद्यावर कोण, तर ताई, चिखलाने माखलेली, धाकटीच्या जागेत चोरासारखी. कार्ड काढून घ्यावं तर पेटीला कुलूप आणि किल्ली भिंगरीच्या गळ्यात. ती मला काही बोलली नसती. “अगं, सांगितलं असतंस तर मीच दाखवली असती जागा,” असं काहीतरी म्हणाली असती, आणि ते मला सोसलं नसतं. मी जॅकेटची टोपी पुढे ओढली, तोंड नदीकडे फिरवलं आणि तशीच पोटावर, कोपरांनी मागे मागे सरकत लव्हाळ्यात शिरले.

तिथे थोडा वेळ पडून राहिले. पाण्याचा आवाज थांबला होता. वाहतं पाणी थांबत नाही हे मला माहीत आहे, बहुतेक कानात चिखल गेला असावा. पण वर्गात मास्तरांनी प्रश्न विचारला, की उत्तर येईपर्यंत जशी शांतता पसरते, तशी ती होती. माझ्याकडून काहीतरी पुरं व्हायचं राहिलंय आणि कुणीतरी त्याची वाट बघतंय, असं मला उगाचच वाटलं. मग आवाज परत सुरू झाला आणि मी उठून घरी, म्हणजे केंद्रावर, आले; आम्ही दोघी तिथेच राहतो.

४

केंद्राने आम्हाला एकसारखी जॅकेटं दिली आहेत, चिखलाच्या रंगाची. माझ्या जॅकेटच्या डाव्या कोपराला निळं ठिगळ आहे. ते भिंगरीने लावलेलं. जुळता कपडा शोधायचा धीर तिला कुठला! हाताला लागलं ते शिवून मोकळी झाली. त्या दुपारी मी जॅकेट धुतलं आणि व्हरांड्यातल्या खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी ते ओलंच होतं. दमट हवा, म्हटलं. तिसऱ्या दिवशी खांदे वाळले, पाठ वाळली, पण कोपरं ओली. चौथ्या दिवशी कोपरांवर ताजा चिखल होता.

मला लगेच कळलं, म्हणजे तसं मला वाटलं. शहरातून परतलेल्या भिंगरीला मी स्वयंपाकघरात गाठलं.

“माझं जॅकेट घालून जातेस का गं तू?”

“तुझं जॅकेट म्हणजे तंबू, ताई. मी हरवेन त्यात.”

“मग त्याला चिखल कसा?”

“तूच गेली असशील आणि विसरली असशील. वय झालं आता तुझं.” तिने माझ्या गालाला पीठ लावलं आणि हसली. मी गाल पुसला.

त्याच दिवशी मला बंधाऱ्यापलीकडे जायचं होतं. आमच्या नावाड्याला आम्ही पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणतो, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. काठ सुटेपर्यंत तो कसाबसा गप्प बसला, मग म्हणाला, “ताई, अंगठीबिंगठी पडली का तुमची? सकाळी वरच्या वळणाला पालथ्या पडून काय शोधत होता? मी हाक मारली तर तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत.”

“ते मागच्या आठवड्यात,” मी जीभ चावत म्हणाले.

“छे हो, आज. धुकं होतं, तरी ठिगळ ओळखलं मी.”

“आज सकाळभर मी कार्डांच्या खोलीत होते.”

“मग एकटं ठिगळच गेलं असेल फिरायला,” असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर पलीकडच्या काठापर्यंत हसत राहिला.

मी हिशेब मांडला. ठिगळ होतं म्हणजे जॅकेट होतं, आणि जॅकेट होतं म्हणजे आत भिंगरी होती. तिला अख्खं जनावर मिळत नव्हतं, म्हणून ती माझं जॅकेट घालून स्वतःच सरपटत असणार, स्वतःचेच फोटो काढत असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्या दिवशी मला ते तिच्याच मनात दिसत होतं. मला फार बरं वाटलं. बुधवारपर्यंतचे दिवस मी मोजून काढले.

५

बुधवारी भिंगरीने कार्ड लावलं आणि तिसऱ्याच फोटोला टेबलावर थाप मारली.

लव्हाळ्यातून एक लांबट, ओली, तपकिरी पाठ जात होती. डोकं नदीकडे वळलेलं. कडेला पुसटसा फिकट डाग. ती माझी पाठ होती. माझी दुपार, माझी टोपी, माझं ठिगळ.

“हा डाग कसला?” सरांनी विचारलं.

“जखम असेल, सर. मारामारी करतात ना ती,” भिंगरी म्हणाली.

मी मनात बेत केला. हे घेऊन त्यांनी आनंदाने अहवाल लिहावा, तो वर पाठवावा, आणि मग मी सावकाश सांगावं, की अहो, हे तर जॅकेट. ती जागा अशीही माझीच झाली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला समजत होतं, पण त्या क्षणी माझे दात शिवशिवत होते.

मग तिने पुढचे फोटो लावले.

ते पुन्हा आलं होतं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, धुक्यात, उन्हात. माझ्या फोटोत ते पाण्याकडे तोंड करून मागे सरकत होतं. बाकीच्यांत ते पाण्यातून बाहेर येत होतं. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या थोडं जवळ, प्रत्येक वेळी डोकं खाली घातलेलं. पहिल्या काही फोटोंत सरपटणं कसंतरी होतं, कोपरं चुकीच्या बाजूला वळल्यासारखी. पुढेपुढे ते सफाईदार होत गेलं. शेवटच्या फोटोत तर मी जशी डावा खांदा आधी टाकते, अगदी तसा तो टाकलेला होता.

भिंगरीचा खांदा असा पडत नाही. ती उजवी आधी टाकते, मला माहीत आहे, तिला मी शिकवलंय. आणि ते फोटो निघाले त्यातल्या एका सकाळी ती माझ्यासमोर बसून अंडी सोलत होती.

“ताई, याची चाल ओळखीची वाटते ना?” ती पडद्याजवळ जाऊन म्हणाली. “जन्मापासून बघत आल्यासारखी.” तिच्या आवाजात इतकी माया होती, की मला त्या फोटोचा हेवा वाटला.

सर म्हणाले, “डोकं दिसत नाही. अख्खं हवं.”

६

दुपारी मी वळणावर गेले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, ठशांवर आहे. चिखल मऊ होता आणि त्यात सगळं स्वच्छ उमटलं होतं. पाण्यातून निघालेला पोटाचा रुंद चर, आणि दोन्ही बाजूंना कोपरांचे खळगे. कोपरांपुढे हात टेकल्याची खूण कुठेच नव्हती. माणूस सरपटतो तेव्हा कधी ना कधी पंजा टेकतोच. इथे जे कुणी सरपटायला शिकलं होतं, त्याला हातांचं काय करायचं ते अजून माहीत नव्हतं.

चर दगडापाशी थांबला नव्हता. तो उतार चढून पायवाटेला लागला होता. पायवाट केंद्राकडे जाते.

मी त्याच्यामागून चालत आले. कोरड्या मातीत चर पुसट झाला, पण व्हरांड्याच्या पायऱ्यांवर ओले खळगे होते, प्रत्येक पायरीवर एक जोडी. फरशीवर मात्र ते नव्हते. फरशीवर पावलं होती, अनवाणी, ओली, मोठ्या अंतराची. खुंटीवर जॅकेट नव्हतं.

आणि स्वयंपाकघरातून भिंगरीचा आवाज येत होता.

“...म्हणून मी सरांना तसं म्हटलं, ताई. मला ती जागा नकोच आहे. तू शहरात गेलीस तर मी इथे कुणासाठी राहू? तुला सांगायची भीती वाटायची. तू लगेच फणकारतेस.”

 नुसता एक हुंकार आला, जाड, ओला, समजूतदार.

“हल्ली किती शांतपणे ऐकून घेतेस गं,” भिंगरी म्हणाली. ती नाक ओढत होती. “पूर्वी कधी ऐकलं नाहीस असं.”

मी कार्डांच्या खोलीच्या दारात उभी होते. घाबरायला हवं होतं. पण छातीत जे पेटलं ती भीती नव्हती. हे सगळं माझ्यासाठी होतं. हे तिने मला सांगायचं होतं, आणि ऐकत दुसरंच कुणीतरी होतं.

मी स्वयंपाकघराचं दार ढकललं. भिंगरी एकटी होती. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक तिने प्यायलेला, दुसरा काठोकाठ भरलेला. मागचं दार उघडं होतं आणि समोरच्या खुर्चीखाली पाण्याचं थारोळं.

“अगं, आत्ता मागून गेलीस ना? इतक्यात पुढून कशी आलीस?” ती डोळे पुसत हसली. “भिंगरी मी का तू?”

मी थारोळ्याकडे बोट केलं. तिने सवयीने फडकं घेतलं आणि पुसून टाकलं.

७

“त्या दिवशी तुझ्याशी बोलत होती, ती मी नव्हते,” दोन दिवसांनी मी तिला म्हणाले.

तिने हातातलं काम थांबवलं. “ताई, जन्मात एकदा माझं धड ऐकून घेतलंस. आता तेही परत घेतेस होय?”

“भिंगरे, खरंच...”

“आणि मग काल माझे केस कुणी विंचरले?”

 तिचे केस मी शेवटचे कधी विंचरले ते मला आठवत नव्हतं. ते छान विंचरलेले होते, वेणी घट्ट आणि सरळ होती, आणि तिच्या टोकाला लव्हाळ्याची एक काडी अडकली होती. मी ती काढायला हात पुढे केला, तर ती दचकून मागे सरली. अलीकडे ती माझ्याकडे असं बघायची, जणू घरात दोन ताया असून नेमकी नको तीच समोर आली होती.

मी डोकं चालवलं. चूक कुठे झाली, हे मला ठाऊक होतं. मी रांगणी सुरू केली होती आणि संपवली नव्हती. हात दाखवायचा राहिला होता. यात तर्क नाही हे कळतं मला, पण उघडं राहिलेलं दार लावायला तर्क कशाला लागतो? उठायचं, हात दाखवायचा, विषय मिटवायचा. भिंगरीला फोटोत ताईचं तोंड दिसलं तर दिसू दे. बोलेल ते ऐकून घेईन. मलाही ऐकता येतं.

उतरत्या उन्हात मी वळणावर पोचले. जॅकेट खुंटीवर नव्हतंच, तशीच गेले. पाण्यापासून सुरुवात केली, कोपरांवर दगडापर्यंत आले. लाल दिवा लुकलुकला. मी उठले, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि तळहात दाखवला.

दिवा लागला नाही.

मी हात हलवला. पुढे झाले, मागे झाले, भिंगासमोर पंजा नेला. काही नाही. कोन चुकला असेल, हा बुटक्या जनावरासाठी लावलाय, असं म्हणत मी गुडघे टेकले. नाही. कोपरं टेकली, आणि दिवा लगेच लुकलुकला. उठले की बंद. पडले की चालू. किती वेळा मी हे केलं ते सांगता येणार नाही. माझी कोपरं सोलवटली. मग मी धापा टाकत तशीच पडून राहिले आणि पाण्याचा आवाज थांबला.

माझ्या शेजारून ओल्या कापडाचा सपसप आवाज गेला. पडल्यापडल्या मला दिसली ती पावलं, मग भिजलेल्या जॅकेटची कड, मग निळं ठिगळ. ते माझ्या पुढे, मी जिथे उभं राहायला हवं होतं बरोबर तिथे, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं. माझ्याकडे त्याची पाठ होती. त्याने डावा खांदा आधी टाकला आणि उजवा हात सावकाश वर नेला. बोटं एकेक करून उघडली, नुकतीच शिकल्यासारखी.

लाल दिवा लुकलुकला.

मग ते पायवाटेने वर चालत गेलं. चढावर ते जराही अडखळलं नाही.

८

मी घरी गेले नाही. का ते नीट सांगता येत नाही. वाटेला चढ आहे आणि कोपरं दुखतात.

बुधवारी होडीचा आवाज आला. रेडिओ बोलत होता, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. भिंगरी उडी मारून उतरली, गळ्यातल्या किल्लीने पेटी उघडली आणि तिथेच उकिडवी बसून छोट्या पडद्यावर कार्ड बघायला लागली. मी लव्हाळ्यात होते, इतकी जवळ, की तिच्या वेणीचे पेड मोजता आले असते. तिच्यामागून सावकाश, होडीची कड धरून, दुसरं कुणीतरी उतरलं. मी तिकडे बघितलं नाही. ठिगळ तेवढं दिसलं.

“ताई!” भिंगरी किंचाळली. “ताई, आलं गं! अख्खं आलं! तोंडासकट!”

रेडिओ होडी सोडून धावला.

“हा बघ, हा तुझा हात,” ती बोट ठेवून दाखवत होती. “तू तपासून गेलीस ते किती बरं झालं. आणि हातानंतर लगेच हे. म्हणजे पक्कं. आता सर काय बोलतात बघूच. मी त्यांना सांगणार आहे, हा फोटो ताईचा आहे. ताईच इथे राहणार.”

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली, ते तिने माझ्या डोळ्यांदेखत त्या दुसरीला देऊन टाकलं. मला हाक मारायची होती. घशातून आलं ते काय होतं मला माहीत नाही, पण भिंगरीने चटकन मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

तिचे डोळे विस्फारले. एवढ्या आनंदाने, एवढ्या जीव टाकून तिने माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. माझा हेवा, माझा राग, सगळं त्या एका क्षणात विरघळून गेलं. म्हटलं, ओळखलं हिने. मी सगळा जोर लावून एका कोपरावर उठले आणि दुसरा हात वर केला, उघडा, तळवा तिच्याकडे करून.

“बघ, ताई, बघ,” ती श्वास रोखून कुजबुजली. “पंजा उचललाय. बोटांमधला पडदासुद्धा दिसतोय.”

“हळू बोल, बाळा,” तिच्यामागून माझा आवाज म्हणाला. “घाबरेल ती.”

मी तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. निळ्या ठिगळाचा हात पुढे आला आणि तिच्या खांद्यावर विसावला. माझ्यावरची नजर न काढता भिंगरीने मान कलती केली आणि त्या हातावर गाल टेकला.